सारागढीचा हवालदार

शब्दांचाहि हुद्दा चढतो-उतरतो. शिवकालांत हवालदार म्हणजे गडाचा मुख्य. किल्ल्या त्याच्या हातीं, हिशेब सबनिसाकडे, कोठार कारखानिसाकडे. इंग्रजी फौजेंत मात्र तोच शब्द सार्जंटाच्या पायरीवर आला. वर जमादार, सुभेदार आणि त्यांच्याहि वर गोरा साहेब!

वायव्य सरहद्दीवर समाना डोंगराच्या धारेवर लॉकहार्ट व गुलिस्तान हे दोन किल्ले होते. एकावरून दुसरा दिसत नसे, म्हणून मध्यें सारागढीचें छोटें ठाणें ठेविलें होतें. निरोप पोंचविणें हें त्याचें मुख्य काम. हेलिओग्राफ, म्हणजे तिकाटण्यावर बसविलेला आरसा, उन्हांत लखलखवून मोर्सच्या खुणांनीं बातमी पुढें धाडीत. ढग आले कीं ठाणें मुकें.

१२ सप्टेंबर १८९७ रोजीं हजारों अफ्रिदी व ओरकझई यांनीं सारागढीस वेढा दिला. आंत ३६ व्या शीख पलटणीचे २१ जण होते. साहेब नव्हता, सुभेदारहि नव्हता. हवालदार ईशरसिंग हाच पुन्हां गडाचा मुख्य. लॉकहार्टहून कर्नल हॉटन यांस मदत पोंचवितां येईना. गुरमुखसिंग आरशानें लढाईची हकीकत कळवीत राहिला. अखेरीस त्यानें यंत्र आवरून बंदूक हातीं घेण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. शिस्तीचा अर्थ एवढ्यांत कळतो.

एकहि शिपाई वांचला नाहीं. १४ तारखेस कुमक पोंचली तेव्हां गुलिस्तान शाबूत होता. त्या २१ जणांस इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट हा मान मिळाला. त्यांच्यासह मारला गेलेला ठाण्यांतील बिनलढाऊ नोकर मात्र त्या यादींत नव्हता.