हात न टेकता

गॅसची टाकी भरलेली आहे की संपत आली आहे, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. रंग तोच, उंची तीच, शेगडीची आचसुद्धा अखेरपर्यंत तशीच निळी. म्हणून घरातल्या बायका टाकी हलवून बघतात, तिच्यावरून ओलं फडकं फिरवतात. साठी ओलांडलेल्या माणसाच्या मांड्यांचं असंच असतं. आजोबा कालच्यासारखेच दिसतात. वजनकाटाही तोच आकडा दाखवतो, कारण स्नायू झिजतो तिथे चरबी भरत जाते. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांत काही सापडत नाही. मग एका सकाळी न्हाणीघरात पाय सरकतो, सावरायला मांडीत बळ उरलेलं नसतं आणि खुब्याचं हाड मोडतं. टाकी संपल्याचं घराला कळतं ते असं.

तर फडकं फिरवायचं कसं? खुर्चीवरून हात न टेकता उठायचं. एवढंच.

भिंतीला टेकवलेली, हात नसलेली साधी खुर्ची घ्यावी. दोन्ही हात छातीशी दुमडून घ्यावेत. पूर्ण उभं राहावं, पुन्हा बसावं, असं लागोपाठ पाच वेळा. घड्याळ दुसऱ्याने लावावं आणि त्याने शेजारीच उभं राहावं. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार याला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर डॉक्टरांना दाखवण्याची वेळ झाली. हात टेकल्याशिवाय उठताच आलं नाही, तर सेकंद मोजायचीही गरज नाही. चक्कर येणाऱ्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी हा प्रयोग घरी करू नये.

स्नायूंच्या या झिजेला सार्कोपेनिया हे नाव अमेरिकेतले संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये दिलं. ग्रीक भाषेत सार्क्स म्हणजे मांस आणि पेनिया म्हणजे उणीव. त्यामुळे बरीच वर्षं मांसच मोजलं गेलं. पण ताकद मांसापेक्षा वेगाने ओसरते. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी वयाबरोबर कमी होतात. झटक्यात काम करणारे तंतू, म्हणजे घसरलेलं पाऊल सावरणारे तेच, जास्त बारीक होतात. म्हणून युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये क्रम बदलला. आधी ताकद पाहायची, मांस नंतर.

ताकदीचा खरा काटा म्हणजे पकड मोजण्याचं यंत्र. मूठ आवळली की किलोचा आकडा दिसतो. पुरुषांत २८ आणि स्त्रियांत १८ किलोच्या खाली आला, तर आशियाई निकषांनुसार ताकद कमी. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या पाहणीत (ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली) मृत्यूच्या धोक्याचा अंदाज रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षा या पकडीने अधिक चांगला दिला. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनेही २०१७-१८ च्या देशव्यापी पाहणीत घरोघरी जाऊन पकड मोजली. दवाखान्यात मात्र रक्तदाबाचा पट्टा दंडाला लगेच बांधला जातो आणि हे यंत्र क्वचितच हातात येतं. ते मागून घ्यायला हवं.

आणि घरच्यांचं काय चाललेलं असतं? आजी खाली बसेनाशी झाली, की 'गुडघे धरलेत' म्हणून विषय मिटतो. गुडघे धरतात हे खरंच, पण मांडी किती उरली आहे हे कुणी बघत नाही. मग खुर्चीवर उशी येते, बरणीचं झाकण सून उघडून देते, पाण्याचा तांब्या हातात आणून दिला जातो. ही माया खोटी नाही. पण उठण्याची एकेक संधी घरातलीच माणसं काढून घेत आहेत, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

उशिरा रेडिओ लावलेल्यांसाठी पुन्हा एकदा: खुर्ची, दुमडलेले हात, पाच वेळा, १२ सेकंद.

ही टाकी पुन्हा भरता येते. बॉस्टनमध्ये मारिया फिआतारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धनिवासातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. नऊ जणांनी ते पूर्ण केलं. त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हे १९९० मध्ये छापून आलं, तरी 'या वयात आता कसला व्यायाम' हे वाक्य आजही घराघरांत ऐकू येतं. नुसती सकाळची फेरी पुरत नाही, स्नायूला वजन द्यावं लागतं. डाळ, दूध, अंडी किती खावीत हा वेगळाच मोठा विषय आहे आणि त्याला आज वेळ उरलेला नाही.

आज रात्री जेवणं झाली, की आजी-आजोबांचे सेकंद मोजावेत आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजावेत. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावा. नवी टाकी लावल्याची तारीख तिथेच तर लिहिलेली असते.