पोलिसांची उघडी नोंदवही आणि झाकायचे नाव



पोलीस ठाण्याची पायरी चढणे सामान्य माणसाला नेहमीच जड जात आले. दिलेली तक्रार नोंदवली गेली की नाही, तिचे पुढे काय झाले, हे कळण्यासाठी त्याला हेलपाटे घालावे लागत. संकेतस्थळांनी हे कष्ट पुष्कळ हलके केले. तमिळनाडू पोलिसांच्या संकेतस्थळावर चेन्नईतील नागरिक आज घरबसल्या तक्रार देऊ शकतो, तिची स्थिती पाहू शकतो आणि हरवलेल्या कागदपत्रांची नोंदही करू शकतो. प्रथम माहिती अहवाल, म्हणजेच एफआयआर, तेथे पाहता येतो.

ही कोणाची मेहेरबानी नव्हे. एफआयआर नोंदवल्यापासून २४ तासांत तो संकेतस्थळावर ठेवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी दिला. अडचण असल्यास ही मुदत ७२ तासांपर्यंत वाढवता येते. आरोपीलाही आपल्यावरील आरोप वेळीच कळावा, हे त्यामागील तत्त्व. मात्र लैंगिक अत्याचार, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद अशा संवेदनशील गुन्ह्यांचे अहवाल त्यातून वगळलेले आहेत.

हा अपवाद किती मोलाचा आहे, हे चेन्नईने डिसेंबर २०२४ मध्ये अनुभवले. अण्णा विद्यापीठाच्या आवारात एका विद्यार्थिनीवर अत्याचार झाला. तिने धैर्याने तक्रार दिली. परंतु तिचा अहवाल संकेतस्थळावरून बाहेर गेला आणि तिची ओळख सांगणारा तपशील समाजमाध्यमांतून पसरला. जुन्या दंडसंहितेकडून नव्या न्याय संहितेकडे जाताना संगणकप्रणालीत दोष राहिला, असा खुलासा झाला. २८ डिसेंबर रोजी मद्रास उच्च न्यायालयाने तीन महिला आयपीएस अधिकाऱ्यांचे विशेष तपास पथक नेमले आणि त्या विद्यार्थिनीला २५ लाख रुपये अंतरिम भरपाई देण्याचा आदेश दिला. जून २०२५ मध्ये गुन्हेगाराला किमान ३० वर्षे कारावासाची जन्मठेप झाली. न्याय मिळाला, पसरलेले नाव मात्र परत घेता येत नाही.

दोष प्रणालीचा असेल. तो मजकूर पुढे पाठवणारे हात माणसांचेच होते. अशा पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे. हे प्रत्येक घरात मुलामुलींना सांगितले गेले पाहिजे.

आपले नाव सुरक्षित राहील, ही खात्री असेल तरच एखादी मुलगी पोलिसांचे दार ठोठावील. शाळा वाचायला शिकवते. हाती आलेले काय पुढे पाठवू नये, ही समज देणे हेही शिक्षणच होय.