३८१ दिवसांची पायपीट



मार्टिन ल्यूथर किंग हे नाव उच्चारताच २८ ऑगस्ट १९६३ या दिवशी वॉशिंग्टनमध्ये जमलेला सुमारे अडीच लाखांचा जनसमुदाय डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु वृक्षाचा विस्तार पाहून त्याच्या मुळांची कल्पना येत नाही. किंग यांच्या कार्याची मुळे शोधायची, तर त्याआधीची आठ वर्षे ओलांडून अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात जावे लागते.

त्या शहरात बसमधील पुढची आसने गोऱ्यांसाठी राखीव असत. ती अपुरी पडली, की मागे बसलेल्या कृष्णवर्णीयांनी उठून उभे राहायचे, असा दंडक होता. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी उठण्यास नकार दिला आणि त्यांना अटक झाली. दमलेल्या एका शिवणकामगार स्त्रीला क्षणभर राग आला, अशी कथा पुढे रूढ झाली. पण ती अपुरी आहे. पार्क्स या नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेच्या स्थानिक शाखेत कित्येक वर्षे चिटणीस म्हणून काम करीत होत्या. त्यांच्या अटकेच्या रात्रीच जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने जागून हजारो पत्रके तयार केली. सोमवारी, ५ डिसेंबरला, बस जवळपास रिकाम्या धावल्या. त्याच दिवशी नव्या समितीचे अध्यक्षपद अवघ्या २६ वर्षांच्या, वर्षभरापूर्वीच गावात आलेल्या एका धर्मोपदेशकाकडे सोपविण्यात आले. ते किंग होत. म्हणजे नेत्याने चळवळ उभारली असे झाले नाही. समाजाने केलेल्या सिद्धतेतून नेता पुढे आला.

बहिष्कार एका दिवसाचा असता तर तो उत्साहावर निभावला असता. तो चालला ३८१ दिवस. बसच्या उतारूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. त्या सर्वांना रोज कामावर पोहोचविण्याचा प्रश्न होता. सुमारे ३०० खासगी मोटारींची योजना आखली गेली, थांबे ठरले, वेळा ठरल्या. ज्यांना जागा मिळेना, ते पायी निघाले. त्यांत घरकाम करणाऱ्या वयस्क स्त्रिया होत्या. मोटारींचे विमे रद्द होऊ लागले, तेव्हा थेट लंडनहून विमा मिळविण्यात आला. जुन्या कायद्याचा आधार घेऊन किंग यांच्यासह ८९ जणांवर खटले भरले गेले. तरीही पायपीट थांबली नाही.

३० जानेवारी १९५६ च्या रात्री किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. पत्नी कोरेटा आणि तान्ही मुलगी घरात होत्या. सुदैवाने दोघी बचावल्या. काही वेळातच संतप्त जमाव गोळा झाला. त्यात शस्त्रे घेतलेले लोकही होते. उद्ध्वस्त ओसरीवर उभे राहून किंग यांनी त्यांना शांतपणे घरी परतण्यास सांगितले. अहिंसा त्यांना जन्मतः लाभली नव्हती. त्या काळात त्यांच्या स्वतःच्या घरात पिस्तूल होते. बेयार्ड रस्टिन यांच्यासारख्या अनुभवी सहकाऱ्यांच्या सहवासात आणि रोजच्या कसोटीत ती अंगी मुरत गेली.

१३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा कौल मिळाला. तो ज्या दाव्यात लागला, त्यातील एक वादी क्लॉडेट कोल्विन ही पार्क्स यांच्याही नऊ महिने आधी, वयाच्या पंधराव्या वर्षी, अशाच प्रसंगी अटक झालेली मुलगी होती. विशेष म्हणजे विजयानंतर मिरवणुकीची नव्हे, सौजन्याची तालीम झाली. सभांमधून खुर्च्या बसप्रमाणे मांडून, कोणी अपमान केला तरी संयम कसा राखावा याचा सराव करविला गेला. २१ डिसेंबरला किंग आपल्या सहकाऱ्यांसह बसमध्ये पुढे जाऊन बसले.

१९५९ मध्ये ते महिनाभर भारतात आले होते. केरळमधील एका शाळेत त्यांची ओळख 'अमेरिकेतील अस्पृश्य' अशी करून दिली गेली. त्या शब्दाने आपण प्रथम दुखावलो, पण विचारान्ती त्यातले सत्य पटले, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. तो प्रसंग जितका त्यांना, तितकाच भारतीय समाजालाही आरसा दाखविणारा आहे.

१९६४ चा नागरी हक्क कायदा, त्याच वर्षीचे नोबेल पारितोषिक आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा ही त्यांच्या कार्याची सर्वज्ञात फळे. परंतु एवढ्या सन्मानानंतर किंग गेले कोठे? मेम्फिस शहरातील सफाई कामगारांमध्ये. कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात सापडून दोन कामगार दगावल्यानंतर सुमारे १,३०० जणांनी संप पुकारला होता. तेथेच ४ एप्रिल १९६८ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, किंग यांची हत्या झाली. चारच दिवसांनी कोरेटा त्याच शहरात मोर्चाच्या अग्रभागी चालल्या आणि १६ एप्रिलला कामगारांच्या संघटनेला मान्यता मिळाली.

१९८६ पासून अमेरिकेत त्यांच्या नावाने राष्ट्रीय सुटी पाळली जाते. मात्र २०१३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मतदान हक्क कायद्यातील एक महत्त्वाची तरतूद रद्दबातल ठरविली. मिळविलेला न्यायही अखंड राखावा लागतो, हाच याचा अर्थ. पुतळे आणि सुट्या स्मरण करून देतात. राखण करीत नाहीत. राखण करतात ती रात्री जागून पत्रके काढणारी, मोटारींच्या वेळा सांभाळणारी, भर उन्हात मुकाट्याने चालणारी माणसे. त्यांतील बहुतेकांची नावे इतिहासाने नोंदविली नाहीत. पण किंग यांच्या कीर्तीचा भार त्यांच्याच पावलांनी वाहिला आहे.