मुलाच्या पावलांनी चंदिगढ
दोन दिवसांच्या कौटुंबिक सहलीचे नियोजन



सहलीचा आराखडा घरोघरी तयार होत असतो. परंतु त्यात बहुधा स्थळांची यादी, गाडीची वेळ आणि खर्चाचा अंदाज एवढ्याच बाबी असतात. सोबतचे सहा-सात वर्षांचे मूल किती चालू शकेल, त्याला भूक केव्हा लागेल, ते कोठे रमेल, याचा विचार त्या यादीत क्वचितच आढळतो. परिणामी दोन दिवसांत दहा-बारा स्थळे ‘झाली’ याचे समाधान मोठ्यांना मिळते आणि मुलाच्या वाट्याला केवळ ओढाताण येते. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये संमत केलेला बालहक्क करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. त्याच्या ३१व्या कलमात विश्रांती, खेळ आणि सांस्कृतिक जीवनातील सहभाग हे मुलाचे हक्क मानले आहेत. हे कलम शासनाइतकेच सहल आखणाऱ्या कुटुंबालाही लागू पडते.

या दृष्टीने चंदिगढचे उदाहरण उद्बोधक आहे. फाळणीमुळे लाहोर पाकिस्तानात गेले आणि पंजाबला नव्या राजधानीची निकड भासली. त्या गरजेतून उभ्या राहिलेल्या या शहराचे उद्घाटन ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. वास्तुरचनाकार ल कार्बुझिए यांच्या आराखड्यात शहराचा मूळ घटक म्हणजे सेक्टर. तो साधारणतः ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब असतो. शाळा, दुकाने, दवाखाना आणि बाग घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावीत आणि मुलांना शाळेत जाताना वेगवान रहदारीचा रस्ता ओलांडावा लागू नये, अशी त्यामागील भूमिका होती. म्हणजेच या शहराचे माप ठरविताना पायी चालणारा माणूस नजरेसमोर होता. मुलाला घेऊन फिरणाऱ्या कुटुंबाला या मापाचा थेट उपयोग होतो.

शहराचा नकाशा मुलाच्या हाती दिला, तर प्रवासातच सहलीला प्रारंभ होतो. मूळ आराखड्यात १३ क्रमांकाचा सेक्टर नव्हता. मात्र समोरासमोरच्या सेक्टरांची बेरीज करून पाहिली की हा वगळलेला आकडा वेगळ्याच रूपाने भेटतो. ९ आणि १७, १० आणि १६, ८ आणि १८ या जोड्यांची बेरीज २६ येते. १७ आणि २२, १६ आणि २३ यांची ३९. या बेरजा १३च्याच पटीत आहेत. पाढे पाठ करणाऱ्या मुलासाठी हा खेळ शहर ओळखण्याचे उत्तम साधन ठरतो.

प्रत्यक्ष नियोजनाचा पहिला नियम असा, की अर्ध्या दिवसाला एकच मुख्य स्थळ ठेवावे. दिल्लीहून चंदिगढ सुमारे अडीचशे किलोमीटरवर असून शताब्दी गाडीने साधारण साडेतीन तासांत पोहोचता येते. पाच वर्षांखालील मुलासाठी स्वतंत्र आसन न घेतल्यास रेल्वेचे तिकीट लागत नाही. महाराष्ट्रातून येणाऱ्या कुटुंबाने मात्र लांबचा प्रवास करून आल्यावर पहिली दुपार विश्रांतीसाठीच राखावी. फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ सोयीचा. मे-जूनमध्ये पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, तर डिसेंबर-जानेवारीतील धुक्यामुळे गाड्यांना विलंब होतो.

शनिवारची सकाळ सेक्टर १ मधील रॉक गार्डनसाठी ठेवावी. सार्वजनिक बांधकाम खात्यातील रस्ते निरीक्षक नेकचंद यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस, नोकरीची वेळ संपल्यावर, फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरशा आणि टाकाऊ लोखंड वापरून ही बाग गुपचूप उभारण्यास प्रारंभ केला. सरकारी जमिनीवरील हे काम अनधिकृत होते. सत्तरच्या दशकात ते उघडकीस आले. परंतु प्रशासनाने ते पाडण्याऐवजी १९७६ मध्ये जनतेसाठी खुले केले. नेकचंद यांना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. बागेतील काही दरवाजे इतके ठेंगणे आहेत की मोठ्यांना वाकावे लागते, मूल मात्र ताठ मानेने आत जाते. ‘टाकाऊ’ या शब्दाचा अर्थ मुलाला येथे वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

दुपारचे जेवण आणि झोप यांना या आराखड्यात स्थळांइतकेच स्थान असावे. सेक्टरांच्या बाजारपेठांत राजमा-चावल किंवा दही-पराठा सहज मिळतो आणि वरण-भातावर वाढलेल्या मुलालाही तो मानवतो. संध्याकाळी सेक्टर १७ चा वाहनमुक्त चौक पुरेसा आहे. तेथे पालकांना हात सोडून मुलाला धावू देता येते, ही बाब आपल्या शहरांत दुर्मीळ झाली आहे.

रविवारची पहाट सुखना तलावाची. १९५८ मध्ये सुखना चो या पावसाळी ओढ्यावर बांध घालून हा तलाव निर्माण करण्यात आला. बांधावर वाहने येऊ नयेत आणि पाण्यात यांत्रिक नौका नसाव्यात, असा ल कार्बुझिए यांचा आग्रह होता. बांधावरील पायवाटेची शांतता ही त्या आग्रहाची देणगी आहे. हिवाळ्यात येथे स्थलांतरित पक्षीही दिसतात. जवळच्याच कॅपिटॉल संकुलाचा २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेथील प्रवेश मार्गदर्शकासोबत असतो, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवावे. वाऱ्याबरोबर फिरणारे, २६ मीटर उंचीचे ‘खुला हात’ हे शिल्प मुलाच्या लक्षात राहील. इमारतींविषयीचे दीर्घ विवेचन टाळणेच इष्ट.

दुपारच्या उन्हात सेक्टर १० मधील शासकीय संग्रहालय गाठावे. ते सोमवारी बंद असते. फाळणीनंतर लाहोरच्या संग्रहालयातील वस्तूंचीही वाटणी झाली आणि भारताच्या वाट्याला आलेली गांधार शिल्पे येथे आहेत. मूर्तींची वाटणी का झाली, असे मूल विचारील, तेव्हा पालकांनी उत्तर टाळू नये. पाठ्यपुस्तकातील एक ओळ त्या क्षणी त्याच्यासाठी खरी होते. परतण्यापूर्वी सेक्टर १६ मधील, १९६७ साली साकारलेल्या झाकीर हुसेन गुलाब उद्यानात तासभर निवांत घालवावा.

या दोन दिवसांच्या आनंदाला दुसरी बाजूही आहे. पाच लाख लोकवस्तीसाठी आखलेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार साडेदहा लाखांवर गेली होती. दरडोई वाहनसंख्येत देशात आघाडीवर असलेल्या शहरांत चंदिगढची गणना होते. सेक्टरच्या आत निर्धास्त चालणारे मूल दोन सेक्टरांमधील रुंद रस्त्यावर मात्र थबकते. तेथे रिक्षा किंवा बस घेणेच शहाणपणाचे. २०२५ मध्ये रस्ता रुंदीकरणासाठी रॉक गार्डनच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आला, तेव्हा नागरिकांनी निषेध नोंदविला. वाहन आणि पाऊल यांतील हा संघर्ष केवळ चंदिगढचा नाही. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई आखताना सेक्टरांचीच पद्धत स्वीकारली. तेथील पदपथ आणि बागा टिकविण्याचा प्रश्न महाराष्ट्रासमोर आहे.

चांगल्या सहलीसाठी फार पैसा लागतो असे नाही. तलाव, बागा आणि चौक या साऱ्या सार्वजनिक मालमत्ता आहेत. त्यांचा लाभ अल्प उत्पन्नाच्या कुटुंबालाही तितकाच घेता येतो. म्हणूनच त्यांची निगा राखणे हा विकासाचाच भाग ठरतो. दोन दिवस मोकळेपणाने चाललेले मूल घरी परतल्यावर स्वाभाविकपणे विचारील, की आपल्या गल्लीतून बागेपर्यंत एकट्याने का जाता येत नाही? हा प्रश्न पालकांनी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकापर्यंत पोहोचवावा.