गोळी आणि घास

छत्तीसगडच्या गरियाबंद जिल्ह्यात, ओडिशाच्या सीमेलगत, सुपेबेडा नावाचे लहानसे गाव आहे. मूत्रपिंडाच्या विकाराने तेथील अनेक माणसे दगावली आणि गावाचे नाव वर्तमानपत्रांतून देशभर झाले. मोठ्या उपचारासाठी तेथील आजारी माणूस वाट धरतो ती रायपूरची. येथे २०१२ साली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे काम सुरू झाले. २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि रक्तशुद्धीचे यंत्र जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचू लागले.

परंतु यंत्राचे बळ एका ठिकाणी अपुरे पडते. रोजच्या अन्नातून सुमारे ६०० मिलिग्रॅम स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, रक्तात शिरते. आठवड्याचे झाले ४,२००. चार तासांच्या एका डायलिसिसने निघते सुमारे ८००; तीन वेळांचे २,४००. उरलेले जावे कोठे? ते हाडांना दुबळे करते आणि कॅल्शियमसह रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचते. अखेर घात होतो तो हृदयाचा.

म्हणून स्फुरदाला आतड्यातच बांधून ठेवणारी औषधे निघाली. आरंभी ॲल्युमिनियमचे क्षार देत. त्यांनी मेंदूला व हाडांना अपाय होतो असे दिसून आले. मग कॅल्शियमच्या गोळ्या आल्या. त्या स्वस्त, परंतु अधिक घेतल्यास रक्तात कॅल्शियम वाढवणाऱ्या. पुढे सेव्हेलॅमर आणि लँथॅनम आले, त्यानंतर लोहयुक्त औषधे. त्यांपैकी फेरिक सायट्रेटने रक्तातील लोहही वाढते. २०२३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले टेनापॅनॉर तर स्फुरदाला बांधतच नाही. ते आतड्यातील त्याची शोषणाची वाटच आखडते. इतर औषधांना जोड म्हणून ते दिले जाते; जुलाब हा त्याचा मुख्य त्रास.

औषध नवे असो वा जुने, त्याची निवड डॉक्टरांनी रक्त तपासून करावयाची. रुग्णाच्या हाती मात्र एक गोष्ट निश्चित आहे. बांधणारी गोळी घासाबरोबर पोटात गेली पाहिजे. उपाशीपोटी घेतलेली गोळी बांधणार तरी कशाला? डबाबंद पदार्थ व काळी शीतपेये यांतील स्फुरद बहुतेक सगळे शोषले जाते, डाळीतले त्याहून पुष्कळ कमी. तेव्हा रायपूरहून औषधाची पुडी घेऊन परतणाऱ्या माणसाला ती केव्हा घ्यावयाची, हे त्याच्या भाषेत नीट समजावून सांगणे, हाही उपचाराचाच भाग होय.