ख्रिस्ताचे शिष्यत्व : टिळक दांपत्याची वाटचाल



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही जो विषय घेतला आहे तो ऐकून काही श्रोत्यांच्या मनात शंका आली असेल. ख्रिस्ताच्या शिष्यत्वाचा विचार चर्चमध्ये व्हावा, तो वसंत व्याख्यानमालेत कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, मनुष्याचे शील कसे घडते आणि एका मनुष्याचा दुसऱ्यावर परिणाम कशाने होतो, हा प्रश्न एका धर्माचा नाही, सर्वांचाच आहे. त्या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच मराठी मुलखात दोन माणसांनी आयुष्य खर्चून दिले. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक ही ती दोन माणसे. त्यांच्या कविता आणि आठवणी आपण वाचतो, पण ज्या निष्ठेतून त्या निघाल्या तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. आज तेवढेच करावयाचे आहे.

प्रथम 'शिष्य' या शब्दाविषयी थोडे. शुभवर्तमाने मूळ ग्रीक भाषेत लिहिली गेली. त्यांत येशूच्या मागे जाणाऱ्यांना जो शब्द लावला आहे त्याचा अर्थ 'शिकणारा' असा आहे. गुरूच्या पंथात नाव नोंदवणारा असा नव्हे, गुरूची तरफदारी करणारा असा तर मुळीच नव्हे. आपल्याकडे हा अर्थ परका नाही. एकनाथांनी जनार्दनस्वामींच्या घरी राहून सेवा केली, हिशेब ठेवले आणि त्यातूनच ते शिकले. जवळ राहणे, पाहणे, करणे, चुकणे आणि पुन्हा करणे हा शिकण्याचा जुना मार्ग आहे. येशूचे बारा शिष्यही असेच शिकले. त्यांत मासे धरणारे होते, जकात वसूल करणारा होता. आपल्यात मोठा कोण यावर ते वाटेने भांडत असत. त्या भांडणाला गुरूने शेवटच्या रात्री कमरेला पंचा गुंडाळून आणि त्यांचे पाय धुऊन उत्तर दिले. मोठेपणा हवा असेल तर तो या वाटेने मिळेल, एवढाच त्याचा अर्थ.

आता नारायण वामनांकडे वळू. त्यांचा जन्म 1861 सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. बुद्धी तल्लख, संस्कृतचा व्यासंग दांडगा, वाणी ओघवती. स्वभाव मात्र तापट आणि एका जागी न टिकणारा. नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या, गावे बदलली. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी वैदिक वाङ्मयाचे काम केले. मनात एकच तळमळ होती : हा देश वर यावा कसा, जातिभेदाने फाटलेला समाज एक व्हावा कसा? त्यासाठी एखादा नवा धर्म काढावा की काय, इथपर्यंत त्यांचे विचार गेले होते.

1893 साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाशी त्यांची गाठ पडली. बोलता बोलता त्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. पुस्तक आवडले नाही तरी वाचायचेच, अशा निश्चयाने टिळकांनी ते उघडले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थबकले. शत्रूवर प्रेम, दानाचा गवगवा न करणे, दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळाआधी आपल्या डोळ्यातील मुसळ पाहणे, हे सारे त्यांनी तेथे वाचले. आपल्या प्रश्नांची उत्तरे येथे आहेत असे त्यांना वाटले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी याचा अर्थ काय होता, हे आज सहज ध्यानात येणार नाही. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली आणि पुढे आलेला चहा काहींनी घेतला. तेवढ्यावरून गावात केवढे वादळ उठले! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि रानडे व लोकमान्य यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या फेऱ्यातून जावे लागले. एका पेल्याची ही कथा, मग बाप्तिस्म्याची काय असेल? घरादाराचे, नात्यागोत्याचे, गावाचे दोर एका दिवसात तुटत.

आणि येथेच आमच्या विषयातला अवघड भाग येतो. तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. टिळकांनी हे पाऊल पत्नीला विश्वासात न घेता टाकले. लक्ष्मीबाई तेव्हा ऐन पंचविशीत होत्या, पदरी लहानगा दत्तू होता. बातमी कानी आली तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. पुढची काही वर्षे त्यांनी पंढरपुरास आणि अन्यत्र नातलगांच्या आधाराने काढली. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जाता येत नाही, अशी ती अवस्था होती.

गुरूसाठी सर्वस्व सोडावे, असे शुभवर्तमान सांगते हे खरे. पण बुरूज बांधायला निघालेल्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असेही तेच सांगते. टिळकांनी स्वतःपुरता हिशेब केला होता. खर्चाचा मोठा वाटा मात्र दुसऱ्याच्या माथी पडला. श्रद्धेच्या भरात जवळच्या माणसाला गृहीत धरणे हा दोष एकट्या टिळकांचा नाही. मोठ्या ध्येयाच्या मागे गेलेल्या कितीतरी पुरुषांच्या घरी तो आपणांस आढळतो. बाप्तिस्म्याने मनुष्य पुरा होत नाही, तेथून त्याची शाळा सुरू होते. टिळकांचा तापटपणा एका दिवसात गेला नाही. घरखर्चाचे पैसे वाटेत भेटलेल्या गरजवंताला देऊन टाकण्याची त्यांची सवय तर कधीच गेली नाही. पण त्यांनी पत्नीवर धर्माची सक्ती केली नाही, दुसरे लग्न केले नाही, आणि वाट पाहिली. उतावळ्या माणसाने वाट पाहायला शिकावी हे लहान शिक्षण नव्हे.

आता लक्ष्मीबाईंची वाटचाल पाहा. आमच्या मते शिष्यत्वाचा खरा धडा तेथेच आहे. त्यांचे माहेर गोखल्यांचे. वडिलांचे सोवळे असे कडक की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे. अशा घरात वाढलेली ही मुलगी. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षांनी त्या अहमदनगरकडे, आजच्या अहिल्यानगराकडे आल्या आणि पतीजवळ राहू लागल्या, तरी त्यांचे सोवळे सुटले नव्हते. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी तेही चालू दिले.

मग एके दिवशी त्यांच्या मनाने आपणच प्रश्न घातला : या जाती केल्या कोणी? देवाने केल्या असत्या, तर पशुपक्ष्यांच्या जाती जशा पाहताच वेगळ्या दिसतात तशा माणसांच्याही दिसल्या असत्या. तशा त्या दिसत नाहीत. तेव्हा हे काम माणसाचे. एवढा विचार होताच त्यांनी ठरवले की, यापुढे कोणाच्याही हातचे खायचे आणि प्यायचे. पंडितांच्या वादात जी गाठ सुटत नव्हती ती या बाईने चुलीपाशी बसून सोडवली. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्यांचे मन त्याआधीच मोकळे झाले होते. आधी शील बदलले, नाव मागाहून बदलले, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

पुढे त्यांचे घर म्हणजे आओ-जाओ घर झाले. निराधार मुले, विद्यार्थी, कवी, सगळ्यांना तेथे पान वाढलेले असे. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात पुढे आलेला कोवळा बालकवी ठोंबरे याच घरी येऊन राहिला. त्याला ख्रिस्ती करण्याचा प्रयत्न झाला नाही, तो कवी झाला. प्रभाव कशाला म्हणावे याचे हे एक उत्तर आहे. ज्याच्या सहवासात दुसरा मनुष्य अधिक स्वतःसारखा होतो, त्याचाच प्रभाव खरा. ज्याच्या सहवासात तो केवळ आपली प्रत होतो, त्याला प्रभाव म्हणण्यापेक्षा दडपण म्हणावे.

नारायण वामनांच्या ख्रिस्तभक्तीचे वळणही पाहण्यासारखे आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. तेव्हाच्या देवळांतून पुष्कळशी गाणी इंग्रजी चालींवर बेतलेली असत. टिळकांनी अभंग आणि ओवी तेथे नेली, कीर्तन नेले. त्यांची भजने महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांत आजही गायिली जातात. 1912 पासून त्यांनी 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन केले. 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र त्यांनी हाती घेतले. मराठीत या प्रकाराची परंपरा जुनी आहे. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' गोव्यात 1616 साली छापले गेले होते. धर्म बदलला तरी भाषा आणि भूमी बदलत नाही, हे टिळकांनी लिहून आणि गाऊन दाखवले.

1917 साली त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. वय पंचावन्नच्या पुढे गेलेले, मिशनची नोकरी बांधलेली, पगार ठरलेला. त्यांनी ती नोकरी सोडली, संन्याशाचे जिणे पत्करले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्याची कल्पना अशी की, ख्रिस्ताला गुरू मानणारा जो कोणी असेल, त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, त्याने येथे भाऊ म्हणून यावे. मिशनमधील पुष्कळांना हे रुचले नसेल, बाहेरच्यांना ते पटले नसेल. पण शिष्य म्हणजे शिकणारा या मूळ अर्थाकडे टिळक परत गेले होते. आणि या खेपेस पत्नी त्यांच्याबरोबर होती. 1895 साली एकट्याने टाकलेले पाऊल आणि 1917 साली दोघांनी मिळून सोसलेले दिवस, यांतील अंतर हीच टिळकांच्या आत्मिक वाढीची मोजपट्टी आहे, असे आम्हांस वाटते.

9 मे 1919 रोजी मुंबईस टिळक निवर्तले. दरबाराला पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत. संस्था म्हणून पाहिले तर काम अपुरे राहिले असेच कोणी म्हणेल. 'ख्रिस्तायना'चे दहा-अकरा अध्यायच झाले होते. पण पुढे काय घडले? ज्या बाईंना टिळकांनी घरीच लिहा-वाचायला शिकवले, त्यांनी ते महाकाव्य हाती घेऊन साठांहून अधिक अध्याय रचले. त्याच बाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. 1934 ते 1936 या काळात ती प्रसिद्ध झाली आणि मराठी गद्याचे एक लेणे ठरली. त्या पुस्तकात पतीचे दोष लपवलेले नाहीत, स्वतःची फजिती लपवलेली नाही, आणि कडवटपणा औषधालाही नाही. इतके सोसूनही मन आंबू न देणे याला आम्ही आत्मिक शील म्हणतो. उपदेशाचे एकही प्रकरण त्यात नाही, तरीही वाचणारा थोडा बदलल्यावाचून पुस्तक खाली ठेवीत नाही.

याच मुलखातील पंडिता रमाबाईंचे उदाहरणही थोडक्यात सांगण्याजोगे आहे. 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर तेथील धर्मभगिनींनी सांगितलेला प्रत्येक सिद्धान्त त्यांनी मुकाट्याने मान्य केला नाही. त्यांनी प्रश्न विचारले, पत्रांतून वाद घातले. माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणाच्या हवाली केलेली नाही, असा त्यांचा बाणा होता. पुढे दुष्काळात त्यांनी शेकडो मुली केडगावी आणल्या. उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबलाचे मराठी भाषांतर केले. शिष्य म्हणजे मान डोलावणारा, असा समज कोणाचा असेल तर त्याने रमाबाईंकडे पाहावे.

आता या सर्वांतून आपण काय घ्यावयाचे? येशूने शिष्यांना मिठाची आणि दिव्याची, तर देवाच्या राज्याला खमिराची उपमा दिली आहे. तिन्ही वस्तू घरातल्या, स्वस्त आणि थोड्याने पुरणाऱ्या. मीठ अन्नात दिसत नाही, पण नसले तर लगेच कळते. खमीर पिठात नाहीसे होते आणि पीठ फुगते. दिवा स्वतःकडे पाहा म्हणून सांगत नाही, त्याच्या उजेडात दुसरे दिसते. आज आपण प्रभाव मोजतो तो किती लोकांनी पाहिले, किती लोकांनी वाहवा केली यावरून. या उपमा वेगळा हिशेब सांगतात. जो प्रभावाच्या मागे धावतो त्याच्या हाती प्रसिद्धी लागेल. जो शिकत राहतो त्याच्याकडून प्रभाव नकळत पडतो, आणि पुष्कळदा त्याच्या पश्चात पडतो.

आपणांपैकी बहुतेकांना धर्म बदलायचा नाही आणि तो बदलावा असे सांगण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. ज्याचा जो गुरू असेल, मग तो ज्ञानोबा असो, तुकोबा असो, बुद्ध असो वा ख्रिस्त असो, त्याच्यापाशी आपण खरोखर शिकतो की नुसते त्याचे नाव लावतो, एवढेच प्रत्येकाने पाहावे. त्याची परीक्षा उत्सवात आणि मिरवणुकीत होत नाही. ती घरच्या माणसाशी बोलताना होते, ज्याला आपण खालचा समजतो त्याच्या हातून पाण्याचा पेला घेताना होते, आणि आपल्या त्यागाची किंमत दुसऱ्याला तर मोजावी लागत नाही ना, हे पाहताना होते. लक्ष्मीबाई ही परीक्षा स्वयंपाकघरात उतरल्या. नारायण वामन तिला उशिरा, पण उतरले. आपला पेपर अजून आपल्या हाती आहे.