फ्लॅट विकायला काढण्यापूर्वी

सोसायटीतला फ्लॅट विकायचा म्हटलं, की आपण आधी रंगाऱ्याला बोलावतो. पण सुरुवात करावी ती कपाटातल्या फायलीपासून. मूळ नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची आणि मेंटेनन्सची शेवटची पावती एकत्र काढून ठेवा. फ्लॅटवर कर्ज होतं आणि ते फिटलं असेल, तर बँकेचा ना-हरकत दाखलाही हवा. मालक हयात नसतील, तर वारसांची नावं आधी लावून घ्या. सौदे बहुधा इथेच अडतात.

आता घराकडे वळू. बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीला ओल असेल, तर तिच्यावर नुसता रंग मारू नका. फरशीच्या सांध्यांतून पाणी झिरपत असतं. ते बंद केलं नाही, तर नवा रंगही फुगून पापुद्रे सुटतात. गळके नळ, अडकणाऱ्या खिडक्या दुरुस्त करा, माळा रिकामा करा.

महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरणासाठी जास्तीत जास्त 25,000 रुपये अधिमूल्य घेता येतं, हेही ध्यानात असू द्या. आणि गळतीबद्दल ग्राहकाला खरं तेच सांगा. ती लपवून घर विकू नका.